अ‍ॅरनच्या वाटेवर, डॅशरच्या माथ्यावरून

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आर्ड्रॉसनहून अ‍ॅरन बेटाला जाणारी फेरी तासाभराच्या आत ब्रॉडिकला पोहोचते. सोबतचे प्रवासी बहुतेक सायकलवाले, कुत्रेवाले आणि ८७४ मीटरच्या गोट फेलवर चढाई करायला निघालेले. मी मात्र कठड्याला टेकून नुसतं पाणी बघत होतो. याच पट्ट्यात, सुमारे १७० मीटर खोल, ‘एचएमएस डॅशर’ ही ब्रिटिश विमानवाहू नौका पडलेली आहे.

विमानवाहू जहाज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईच्या किनाऱ्यावर कित्येक वर्षं उभी असलेली ‘विक्रांत’ येते. डॅशर तिच्यापुढे अगदीच चिमुकली, जेमतेम दीडशे मीटरची. मुळात ते अमेरिकेत बांधलेलं ‘रिओ द जनेरो’ नावाचं मालवाहू जहाज. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या ब्रिटनची रसद बुडवत होत्या आणि काफिल्यांना विमानांचं संरक्षण तातडीनं हवं होतं. मग अशाच जहाजांवर सपाट डेक चढवला गेला. जुलै १९४२मध्ये डॅशर ब्रिटिश नौदलात दाखल झाली. नोव्हेंबरात उत्तर आफ्रिकेतल्या ओरानला दोस्त राष्ट्रांचं सैन्य किनाऱ्यावर उतरलं, तेव्हा तिच्या सी हरिकेन विमानांनी साथ दिली. फेब्रुवारी १९४३मध्ये रशियाकडे निघालेल्या काफिल्याबरोबर ती गेली खरी, पण वादळानं अशी झोडपली की अर्ध्या वाटेवरून परतली.

आणि मग २७ मार्च १९४३, शनिवार. विमानांचा सराव सुरू होता. पावणेपाचच्या सुमाराला जहाजाच्या पोटात स्फोट झाला. विमानं वर-खाली नेणारी लिफ्ट हवेत उडाली. काही मिनिटांत जहाज मागच्या बाजूनं बुडालं. ज्यांनी पाण्यात उड्या टाकल्या त्यांच्यापुढे दुसरं संकट होतं: मार्चमधलं गारठलेलं पाणी, वर पसरलेलं तेल, आणि त्या तेलानं घेतलेला पेट. तरीही जवळपासच्या छोट्या जहाजांचे खलाशी त्यात घुसले. ५२८ पैकी १४९ जण वाचले. ३७९ गेले, तेही शत्रूची एक गोळी न झाडली जाता, किनारा नजरेच्या टप्प्यात असताना.

टाकीतून गळलेल्या पेट्रोलच्या वाफेला ठिणगी लागली असावी, असा चौकशीचा कल होता. ब्रिटिश म्हणाले, अमेरिकन रचनाच सदोष. अमेरिकन म्हणाले, तुम्हाला पेट्रोल हाताळता येत नाही. फेरीत गाड्यांच्या डेकवर साधी सिगारेट पेटवू देत नाहीत, हे बघून आलेल्या मला दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटतात.

न पटणारी गोष्ट वेगळी आहे. बातमी दाबली गेली, वाचलेल्यांना गप्प राहायला सांगितलं, घरच्यांना धड काही कळलं नाही. युद्धकाळात तोंड बंद ठेवणं समजू शकतं. पण युद्ध संपल्यावरही किती वर्षं?

आज आर्ड्रॉसनला आणि ब्रॉडिकला, दोन्हीकडे स्मारकं आहेत. डॅशरचं अवशेषस्थळ युद्धकबर म्हणून संरक्षित आहे. ब्रिटिशांनी नंतर अमेरिकेत बांधलेल्या अशा जहाजांच्या पेट्रोलव्यवस्थेत मोठे बदल करून घेतले. त्यापायी जहाजं कामाला लागायला उशीर होतो, अशी कुरकुर मात्र अमेरिकनांनी केलीच.