दुबईची नोकरी सुटताना: बेसिकचा हिशोब आणि कॅन्सलेशनवरची सही

रत्नागिरी, खेड, चिपळूणकडची किती घरं आखाती पगारावर उभी आहेत हे वेगळं सांगायला नको. तरीही नोकरी सुटताना कंपनीकडून काय येणं लागतं, याबद्दल तिघांना विचारलं तर चार उत्तरं मिळतात. याला कारण आहे. कोणी भारतातल्या ग्रॅच्युइटीच्या (नोकरी सुटताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाच्या) पाच वर्षांच्या अटीवर बोलतो, कोणी सौदीचा नियम सांगतो, कोणी अमिरातीचा १९८० चा जुना कायदा. हे सगळं इथे बाजूला ठेवू. हा लेख फक्त संयुक्त अरब अमिरातीतल्या खासगी नोकरीबद्दल आहे. घरकामगारांचा कायदा वेगळा, आणि दुबईच्या डीआयएफसी व अबुधाबीच्या एडीजीएम या वित्तीय क्षेत्रांचे नियमही वेगळे.

सध्याचा कायदा २०२१ चा, क्रमांक ३३. तो २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार सलग एक वर्ष पूर्ण केलेल्या परदेशी कामगाराला ग्रॅच्युइटी मिळते. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा बेसिक पगार आणि त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा. पहिलं वर्ष भरलं की पुढच्या अर्धवट वर्षाचेही पैसे त्या प्रमाणात धरले जातात. अकरा महिन्यांत सोडलं तर शून्य. एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगारापेक्षा जास्त होऊ शकत नाही, पण या मर्यादेपर्यंत फार कमी लोक पोचतात.

आकडे घालून पाहू. शेवटचा बेसिक ३,००० दिरहम, नोकरी ७ वर्षं ४ महिने. ३० ने भागलं की दिवसाचे १०० दिरहम. पहिली पाच वर्षं: ५ × २१ × १०० म्हणजे १०,५००. पुढची दोन वर्षं: २ × ३० × १०० म्हणजे ६,०००. उरलेल्या चार महिन्यांचे १,०००. एकूण १७,५०० दिरहम.

खरी गोम ‘बेसिक’ या शब्दात आहे. घरभाडं, प्रवास, मोबाइल, ‘अदर अलाउन्स’ यातलं काहीच या हिशोबात येत नाही. हातात तेवढाच पगार पडणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या करारात बेसिक १,५०० लिहिलेला असेल, तर त्याची ग्रॅच्युइटी ८,७५० वर येते. त्यामुळे ही रक्कम सात वर्षांनी ठरत नाही, ती ऑफर लेटरवर सही करतानाच ठरते. पगारवाढ देताना बेसिक तसाच ठेवून नुसते अलाउन्स वाढवणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. यात बेकायदा काही नाही, पण वाढ नक्की कुठे मिळाली ते त्याच दिवशी बघावं. हिशोब शेवटच्या बेसिकवर होतो. म्हणून नोकरी सुटायच्या थोडं आधी ‘पगाराची रचना बदलतोय’ असा कागद समोर आला, तर हातातला पगार तेवढाच राहणार असला तरी बेसिकचा आकडा पाहिल्याशिवाय सही करू नये.

बिनपगारी रजेचे दिवस सेवेतून वजा होतात. गावी दोन महिने जास्त राहिलेल्या माणसाचा आकडा कमी का आला, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

राजीनामा दिला की ग्रॅच्युइटी कापली जाते, हा समज जुन्या कायद्यातला. तेव्हा मुदत नसलेल्या करारात एक ते तीन वर्षांत राजीनामा दिला तर एक तृतीयांश आणि पाच वर्षांपर्यंत दोन तृतीयांश मिळायची. आता राजीनामा दिला तरी पूर्ण हिशोब होतो. सौदीत मात्र राजीनाम्यावर अशी कपात अजून आहे. तिथल्या मित्राचं ऐकून इथे कमी रकमेवर समाधान मानू नये.

ग्रॅच्युइटीखेरीज आणखी काय येतं? शिल्लक रजेचे पैसे, तेही बेसिकवरच. नोटीस ३० ते ९० दिवसांची, करारात असेल तेवढी. कंपनीने नोटीस न देता घरी बसवलं तर तेवढ्या दिवसांचा पूर्ण पगार, अलाउन्ससकट. परतीचं तिकीट कंपनीचं, मात्र दुसऱ्या मालकाकडे रुजू झालात किंवा नोकरी तुमच्या कारणाने सुटली असेल तर तो खर्च तुमचा. व्हिसा आणि भरतीचा खर्च कायद्याने मालकावर आहे. शेवटच्या हिशोबात ‘व्हिसा कॉस्ट’ अशी ओळ दिसली तर ती खोडायला लावावी. कंपनीकडून घेतलेलं कर्ज किंवा उचल कापली तर ते रास्त.

करार संपल्यापासून १४ दिवसांत सगळे पैसे देणं कंपनीला बंधनकारक आहे. अडचण इथेच होते. व्हिसा कॅन्सल करताना पीआरओ (कंपनीची सरकारी कागदपत्रं बघणारा माणूस) जो कागद पुढे करतो, त्यावर ‘माझी सर्व देणी मिळाली’ असं एक वाक्य असतं. पैसे खात्यात यायच्या आधी त्यावर सही झाली की पुढे तक्रारीत तोच कागद तुमच्याविरुद्ध उभा राहतो. ‘सही करा, पुढच्या आठवड्यात टाकतो’ यावर विश्वास ठेवायचं काही कारण नाही. आधी लेखी हिशोब मागा, त्यात रुजू झाल्याची तारीख, शेवटचा बेसिक आणि रजेचे दिवस तपासा, पैसे जमा झाले की सही करा.

पैसे मिळाले नाहीत तर मनुष्यबळ मंत्रालयाकडे तक्रार करायची, ॲपवरून किंवा ८००८४ वर फोन करून. मंत्रालय आधी तडजोडीचा प्रयत्न करतं. ५०,००० दिरहमपर्यंतच्या दाव्यावर स्वतः निर्णय देतं, त्याहून मोठा दावा कोर्टात जातो. १,००,००० दिरहमपर्यंतच्या दाव्याला कोर्ट फी नाही. दाव्याची मुदत आता नोकरी संपल्यापासून दोन वर्षं आहे, २०२४ च्या दुरुस्तीआधी ती एकच वर्ष होती. करार, पगाराचे बँक स्टेटमेंट आणि राजीनामा किंवा काढल्याचं पत्र आधीच स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा. कंपनीचा मेल शेवटच्या दिवशी बंद होतो.

बँकेचं कर्ज असेल तर आणखी एक गोष्ट. शेवटची मोठी रक्कम जमा झालेली दिसली की बँक खातं रोखून धरू शकते. हप्त्यांबद्दल बँकेशी त्याआधी बोलणं बरं.

आणि हे घरच्यांसाठी. कामगाराचा मृत्यू झाला तर त्याचा पगार आणि ग्रॅच्युइटी कुटुंबाला १० दिवसांत द्यायची असते, आणि पार्थिव मायदेशी पाठवण्याचा खर्चही मालकाचाच. पैसे कुटुंबातल्या कोणाला द्यायचे हे कामगार आधीच लेखी देऊ शकतो. असा कागद बहुतेकांनी दिलेला नसतो.