इंडियानातल्या काउंटी कॉन्फरन्स गेल्या कुठे?

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात पूर्वी गावागावात छोटी हायस्कूलं होती, काहींत तर मुलंच इतकी कमी की टीम जमवतानाच दमछाक व्हायची, आणि एका काउंटीतल्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) अशा शाळांची मिळून एक कॉन्फरन्स असायची, म्हणजे आपसात मॅचेस खेळायचा गट. बास्केटबॉल म्हणजे तिथे जीव की प्राण, आणि काउंटी टूर्नामेंटला शेजारच्या गावाला हरवणं हाच खरा आनंद.

राज्याच्या टूर्नामेंटमध्ये तेव्हा लहानमोठं असं काही नव्हतं, सगळे एकाच क्लासमध्ये, म्हणजे एकाच गटात. म्हणूनच १९५४ ची ती मॅच लोक अजून सांगतात, १६१ मुलांच्या मायलन शाळेने फायनलला मन्सी सेंट्रलसारख्या दांडग्या शाळेला ३२-३० ने हरवलं. शेवटच्या क्वार्टरमध्ये बॉबी प्लम्प चार मिनिटांहून जास्त वेळ बॉल नुसता हातात धरून उभा! (शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक वेळात शॉट मारायचं बंधन, नव्हतं ना.) आणि शेवटचा शॉट पण त्याचाच.

मग १९५९ ला शाळांच्या पुनर्रचनेचा कायदा आला, छोट्या शाळा एकत्र करून मोठी कन्सॉलिडेटेड शाळा, आणि काउंटीत दोन-तीनच शाळा उरल्यावर कॉन्फरन्स कसली राहणार, एकेक करत बहुतेक बंदच पडल्या. अभ्यासाच्या दृष्टीने निर्णय बरोबरही असेल, पण गावाची जर्सी, गावाच्या टीमचं टोपणनाव सगळं गेलं ते गेलंच.

गंमत म्हणजे १९९७-९८ पासून टूर्नामेंटचे चार क्लास केले, छोट्यांना संधी मिळावी म्हणून, तोवर त्यातल्या कितीतरी शाळा कधीच मिटल्या होत्या.