मोठ्या नावाचं विद्यापीठ हवं, पण कशाला?

चवथीला जर्मनीहून घरी आलो की माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळापानांची आरास) उतरेपर्यंत कुणी काही विचारत नाही. ती उतरली की मग वाड्यावरची माणसं एकेक करून फाइली घेऊन येऊ लागतात. मुलगा शेवटच्या वर्षाला आहे, मुलीला बाहेर पाठवायचं आहे, तू तिथे असतोस, जरा बघ. आणि फाइल उघडायच्या आधीच प्रश्न येतो, "ही युनिव्हर्सिटी नावाजलेली आहे काय?"

यंदाची फाइल घरातलीच होती. भाची फर्मागुढीच्या गोवा इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. भावोजींनी क्यूएस या ब्रिटिश कंपनीच्या, विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीचा तक्ता छापून आणला होता आणि शंभराव्या नंबराखाली लाल पेनाने रेघ मारली होती. "रेघेखालचं नको," ते म्हणाले. "एवढे पैसे घालायचे तर नाव तरी हवं." जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते (मी राहतो त्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्यांना २०१७ पासून सत्राला १५०० युरो पडतात), पण व्हिसासाठी ब्लॉक खात्यात (यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) वर्षभराचा खर्च आधी दाखवावा लागतो. २०२४ च्या सप्टेंबरपासून तो ११,९०४ युरो झाला. फोंड्याच्या मध्यमवर्गीय घराला हे कमी नाही, त्यामुळे भावोजींचं बोलणं मी हसण्यावारी नेलं नाही.

पण ती लाल रेघ मला पटली नाही.

त्या तक्त्यातला नंबर येतो कुठून ते आधी बघा. क्यूएसच्या २०२४ च्या आवृत्तीपासून ३० टक्के गुण जगभरच्या प्राध्यापकांच्या मताला आहेत आणि १५ टक्के नोकरी देणाऱ्यांच्या मताला. त्याआधी हे आकडे ४० आणि १० होते. म्हणजे जवळजवळ अर्धा नंबर 'लोक काय म्हणतात' यावर. ज्या प्राध्यापकाचं मत घेतात तो बहुतेकदा त्या विद्यापीठाच्या वर्गात कधी बसलेला नसतो. त्याने तिथल्या चार जणांचे पेपर वाचलेले असतात, दोघे परिषदेत भेटलेले असतात, आणि बाकीच्यांचं नाव ऐकलेलं असतं. नाव ऐकलेलं असतं ते कशामुळे? बऱ्याचदा गेल्या वर्षीच्या क्रमवारीमुळे. शांघायची क्रमवारी २००३ पासून निघते. ती असलं मत विचारत नाही, पण तिथे ३० टक्के गुण नोबेल आणि फील्ड्स पदकांचे आहेत. पदार्थविज्ञानाच्या इमारतीतलं नोबेल मेकॅनिकलच्या पोरांना थर्मोडायनॅमिक्स शिकवायला येत नाही. आपल्या केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी त्या मानाने संयमी, तिथे प्रतिमेला १० टक्केच.

खरं तर हे कळायला जर्मनी गाठायची गरज नाही, फर्मागुढीचा चढ चढला तरी पुरे. तिथे १९६७ पासून इंजिनिअरिंग कॉलेज. २०१० नंतर त्याच आवारात एनआयटी आली, २०१६ मध्ये आयआयटी आली. काही वर्षं एकाच पठारावर तीन पाट्या होत्या. तोच पाऊस, तीच लाल माती, खाली तोच कदंब बसचा थांबा. एनआयटीचा कुंकळ्ळीचा कायमचा कॅम्पस रीतसर सुरू झाला तो २०२४ साली. आता मला सांगा, त्या काळात दिल्लीतल्या कुणाला या तिघांना गुण द्यायला सांगितले असते तर त्याने कसे दिले असते? डोळे मिटून आयआयटी पहिली, एनआयटी दुसरी आणि आमचं कॉलेज तिसरं. आणि हे तेव्हाही, जेव्हा इथल्या आयआयटीची एकही तुकडी बाहेर पडलेली नव्हती. जे नाव तिला जन्मताच मिळालं ते खरगपूर, मुंबई, कानपूरने कित्येक दशकांत कमावलेलं. तिला दर्जा नाही असं मी म्हणत नाही. जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या चाळणीतून आलेली मुलं, केंद्राचा पैसा, पीएचडी झालेले तरुण प्राध्यापक, या सगळ्याचा परिणाम होतोच. पण नाव त्या परिणामाची वाट बघत थांबलं नव्हतं, एवढंच.

आमच्या घरातलंच दुसरं उदाहरण आहे. बाबांच्या पदवीवर मुंबई विद्यापीठ आहे, धाकट्या मावशीच्या पदवीवर गोवा विद्यापीठ. कॉलेज एकच, पणजीतलं. गोवा विद्यापीठ १९८५ साली सुरू झालं आणि इथली कॉलेजं मुंबईकडून तिकडे गेली. शिकवणारे तेच, बाकं तीच, प्रयोगशाळेतला गॅसचा वासही तोच. तरी मावशीला तेव्हा नातेवाइकांनी कितीतरी दिवस ऐकवलं, "तुमची आता मुंबईची डिग्री नाही ना." बाबा अजूनही हळूच मुंबई हा शब्द थोडा ठासून उच्चारतात. उलट सागरविज्ञानात काम करणाऱ्या माणसाला विचारा, त्याला गोवा विद्यापीठाचं ताळगावचं पठार आणि शेजारी दोना पावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था नीट ठाऊक असते. त्याच्या लेखी ही जागा वेगळीच. माशेलचे शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर ज्या यूडीसीटीत शिकले ती मुंबई विद्यापीठाचाच रसायन तंत्रज्ञानाचा विभाग होती. पण रसायन उद्योगात कुणी "तो मुंबई विद्यापीठाचा" म्हणत नसे, "यूडीसीटीचा" म्हणत. जाणकार माणूस विभागाचं नाव घेतो, लांबचा माणूस विद्यापीठाचं.

आता जर्मनीकडे येतो.

मी ज्या विद्यापीठात मास्टर्स केलं ते भावोजींच्या रेघेच्या वरचं आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे. एका मोठ्या विषयाचं व्याख्यान ज्या सभागृहात व्हायचं तिथे काही शे मुलं बसत. प्राध्यापक खाली, फळ्यापाशी, इतके लांब की चेहऱ्यापेक्षा त्यांच्या स्वेटरच्या रंगावरून ओळख पटायची. घोषित वेळेनंतर पंधरा मिनिटांनी तास सुरू करायचा ही तिथली जुनी पद्धत आहे, ती काटेकोर पाळली जायची. तास संपला की टाळ्या नाहीत, सगळे बोटांच्या पेरांनी बाकावर ठकठक करत, छतावर पाऊस पडावा तसा आवाज व्हायचा. व्याख्यान सुंदर असायचं, यात शंका नाही. पण त्या सरांशी माझं बोलणं झालं ते थेट शेवटी, तोंडी परीक्षेत. मला शिकवलं कुणी? आठवड्याच्या उदाहरणांच्या तासाला येणाऱ्या एका पीएचडीच्या मुलीने. तिला क्रमवारीत कुणी मोजत नाही.

नोकरीत माझ्या शेजारच्या टेबलाला जो सहकारी आहे तो 'होखशुले'तून आलेला. याला पूर्वी फाखहोखशुले म्हणत, आता उपयोजित विज्ञानांची विद्यापीठं म्हणतात. जगाच्या कुठल्याही मोठ्या तक्त्यात ती सहसा सापडत नाहीत. कारण अगदी साधं आहे. तिथल्या प्राध्यापकाला आठवड्याला साधारण १८ तास शिकवावं लागतं. विद्यापीठातल्याला त्याच्या निम्मं, आठ-नऊ तास. अठरा तास शिकवणारा माणूस पेपर कधी लिहिणार? शिवाय तिथे प्राध्यापक व्हायला निदान पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि त्यातली तीन वर्षं विद्यापीठाबाहेरची असावी लागतात. पीएचडी देण्याचा अधिकार या संस्थांना मुळात नव्हताच. २०१६ मध्ये हेसेन राज्याने फुल्डाच्या होखशुलेला तो दिला, तेव्हा देशभर चर्चा झाली. म्हणजे क्रमवारी जे मोजते ते इथे फारसं होतच नाही, आणि इथे जे होतं ते क्रमवारी मोजत नाही.

हा सहकारी पहिल्यांदा टेस्ट बेंचवर माझ्यासोबत उभा राहिला तेव्हा गिअरबॉक्सचा आवाज वाढत होता. मी लॅपटॉपवर कंपनांचा आलेख उघडून बसलो. त्याने स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावली, टोक गिअरबॉक्सच्या कवचाला टेकवलं, दोन जागा बदलल्या आणि म्हणाला, इनपुटकडचं बेअरिंग. आलेखानेही पुढे तेच सांगितलं. हे कुठे शिकलास विचारलं तर म्हणे सहा महिन्यांच्या कारखान्यातल्या सत्रात, तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडून. बाडेन-वुर्टेम्बर्गच्या होखशुलेत पदवीच्या सात सत्रांपैकी एक असं कारखान्यात काढावं लागतं. उलट आलेखातली शिखरं का दिसतात याचं गणित मांडायची वेळ आली की तो माझ्याकडे खुर्ची सरकवतो. दोघांचा पगार सारखा आहे. (हे मी त्याला विचारलं नाही, इथे करारातल्या वेतनश्रेणीचा तक्ताच सर्वांना दिसतो.)

जर्मन विद्यापीठं क्रमवारीत ब्रिटिश-अमेरिकनांच्या मागे का दिसतात, यालाही असंच एक कारण आहे. इथलं पुष्कळ मोठं संशोधन मॅक्स प्लांक आणि फ्राउनहोफर या संस्थांमध्ये होतं. त्या विद्यापीठाचा भाग नाहीत, कित्येकदा रस्त्याच्या पलीकडे असतात. विद्यार्थी तिथे जाऊन प्रबंध करतो, पण ते काम विद्यापीठाच्या खात्यात सरळ जमा होत नाही.

बरं, मोजमाप तरी प्रामाणिक असतं का? अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठ यूएस न्यूज या प्रकाशनाच्या विद्यापीठांच्या यादीत दुसऱ्या नंबरावर होतं. २०२२ मध्ये तिथल्याच गणिताच्या एका प्राध्यापकाने, मायकेल थॅडियस यांनी, आपल्या विद्यापीठाने दिलेले आकडे तपासून ते जुळत नाहीत असं जाहीर लिहिलं. वीसपेक्षा कमी विद्यार्थ्यांचे वर्ग ८२.५ टक्के आहेत असं सांगितलं होतं, नंतर विद्यापीठाने स्वतः काढलेला आकडा ५७ च्या आसपास निघाला. त्याच वर्षी नंबर दोनवरून अठरावर गेला. त्या वर्षात वर्ग, ग्रंथालय, शिक्षक यांत काही फरक पडला होता का? २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या उट्रेख्ट विद्यापीठाने आणि २०२४ मध्ये झुरिक विद्यापीठाने टाइम्स हायर एज्युकेशनच्या क्रमवारीला आकडे देणंच बंद केलं. आपल्या सात जुन्या आयआयटींनी २०२० मध्ये त्याच क्रमवारीवर बहिष्कार घातला होता.

एवढं ऐकून भाची म्हणाली, "म्हणजे मामा, नावाला काही अर्थच नाही?"

नाही गो, आहे. आणि तो कुठे आहे तेही स्पष्ट सांगायला हवं. आपल्या यूजीसीच्या २०१८ च्या नियमात लिहिलंय की परदेशी पीएचडी क्यूएस, टाइम्स किंवा शांघायच्या पहिल्या ५०० तली असेल तर नेट परीक्षेशिवाय सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र. ब्रिटनने २०२२ मध्ये हुशार पदवीधरांसाठी खास व्हिसा काढला, त्याची यादी या क्रमवारींतल्या पहिल्या पन्नासांवरून केली, आणि पहिल्या यादीत भारतातलं एकही विद्यापीठ नव्हतं. सरकारंच नंबर बघून दार उघडत असतील तर तो नंबर काय मोजतो हा प्रश्न विचारत बसायला उमेदवाराला सवड नसते. (साखवाळला १८७६ साली जन्मलेले बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी १९१० मध्ये हार्वर्डला पाली ग्रंथाचं काम करायला गेले तेव्हा त्यांच्याजवळ कुठलीच पदवी नव्हती. आज त्याच गावात बिट्स पिलानीचा कॅम्पस आहे, आणि आजच्या नियमांत धर्मानंदांना तिथे अर्जही करता आला नसता.)

अर्थशास्त्रज्ञ स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी २००२ मध्ये अमेरिकेत एक गोष्ट तपासली होती. नामांकित कॉलेजात प्रवेश मिळण्याइतकी लायकी असून जे साध्या कॉलेजात गेले, त्यांची पुढची कमाई सरासरीने तेवढीच निघाली. मूल हुशार असेल तर पाटीने फार फरक पडला नाही. पण एक अपवाद होता, गरीब घरातल्या मुलांना नामांकित कॉलेजाचा खरंच फायदा झाला. मला तो अपवाद महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या घरी ओळखीपाळखी नाहीत त्याला पाटी ओळख देते. आपल्या खेड्यातल्या पोरीच्या बाबतीत भावोजींचं म्हणणं म्हणूनच अगदीच चुकीचं नाही.

तेव्हा मी भाचीला आधी विचारलं, पुढे करायचं काय आहे? पीएचडी करून इथे कॉलेजात शिकवायचं असेल तर भावोजींची रेघ ठेव, मात्र पाचशेवर. कारखान्यात काम करायचं असेल तर रेघ पुस. मग आम्ही पंगतीच्या पानांचा ढीग बाजूला सारून तिने काढलेल्या अभ्यासक्रमांची 'मोडूलहांडबुख' वाचायला बसलो. हे दस्तऐवज प्रत्येक विभागाच्या संकेतस्थळावर असतात, कुणी उघडत नाही. कुठल्या विषयाला किती तास व्याख्यान, किती तास उदाहरणं, किती तास प्रयोगशाळा, परीक्षा लेखी की तोंडी, शिकवणार कोण, सगळं त्यात लिहिलेलं असतं. एका फार मोठ्या नावाच्या ठिकाणी तिला हव्या त्या विषयाला प्रयोगशाळा शून्य तास निघाली. एका होखशुलेत चार. जर्मनीची स्वतःची सीएचई क्रमवारीही तिला दाखवली. ती विद्यापीठांना पहिला-दुसरा असे नंबर देत नाही, विषयवार बघते आणि तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारते की शिक्षक भेटतात का, प्रयोगशाळा कशी आहे.

भावोजी तोपर्यंत नेवऱ्यांचा डबा घेऊन शेजारी बसले होते. तक्ता त्यांनी फाडला नाही, घडी घालून खिशात ठेवला. एवढंच विचारलं, "पण लोकांना सांगायचं काय, कुठे गेली म्हणून?" मी म्हटलं, जर्मनीला गेली म्हणून सांगा, लोक पुढचं विचारत नाहीत.

भाचीच्या यादीत आता दोन होखशुले आणि तीन विद्यापीठं आहेत. त्यांपैकी एक रेघेच्या वरचं आहे, कारण तिथलं यंत्रकंपनांचं खातं खरंच उत्तम आहे. हिवाळी सत्रासाठी बहुतेक ठिकाणी १५ जुलैपर्यंत अर्ज चालतात, काही ठिकाणी मुदत त्याच्या बरीच आधी संपते. एपीएसचं (भारतीय विद्यार्थ्यांची कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन केंद्राचं) प्रमाणपत्र मात्र त्याआधी हातात लागतं आणि त्याला वेळ जातो. तुमच्याकडे कुणी अर्ज करणार असेल तर त्याला एपीएसच्या कागदांपासून सुरुवात करायला सांगा, क्रमवारी नंतर बघता येते.