औषधाच्या आधी बॅटरी

"कोंबड्या अंडी देत नाहीत, काय औषध देऊ?" बाजारात भाजीवाली विचारते, बँकेतल्या मॅडम विचारतात, परवा तर लग्नाच्या पंगतीत वाढपी भात वाढता वाढता विचारून गेला. कुडाळच्या अलीकडे आमची वाडी आहे. तिथे मागच्या परड्यात मी वीसेक गावठी कोंबड्या पाळते आणि हा विषय निघाला की मला थांबवावं लागतं, हे पंचक्रोशीला माहीत झालंय. टॉनिकच्या बाटलीचं नाव ऐकायच्या तयारीने आलेल्या माणसाला मी उलट विचारते, रात्री बॅटरी घेऊन खुराड्यात कधी डोकावलायत का? सासूबाईंचं याबाबत एकच सूत्र आहे. "आधी बघ, मगे वखद."

अंडी बंद झाली म्हणतात तेव्हा निम्म्या वेळा ती बंद झालेलीच नसतात. कोंबडीने जागा बदललेली असते. गडग्याची सांद, गवताची कुडी, मांगरातली मोडकी टोपली, अननसाच्या बुडातला आडोसा, कुठेही. तिला शोधत परडंभर फिरू नये, ती आपल्याला बघून मुद्दाम भलतीकडे चालू लागते. चार दिवस दुपारपर्यंत खुराडं उघडायचंच नाही. बहुतेक अंडी सकाळी ते दुपार याच वेळात पडतात, त्यामुळे कोण घालतंय आणि कोण नाही ते आतच कळतं. एक पांढरा गुळगुळीत गोटा घरट्यात ठेवला की जागेची सवयही परत लागते. मात्र रोज एक अंडं मिळायलाच हवं, हा हट्ट सोडा. एक अंडं तयार व्हायला साधारण २५ तास लागतात. म्हणून आज आठला घातलं तर उद्या नऊला, परवा त्याहून उशिरा, असं सरकत सरकत दुपार उलटली की कोंबडी एक दिवस खाडा करते आणि पुन्हा सकाळपासून सुरू करते.

तरीही शंका असेल तर कोंबडी उचलून हाताने बघायची. शेपटीखाली, अंडं येण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना हाडांची टोकं लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं बसली तर ती अंड्यावर आहे. एक बोट जेमतेम शिरलं तर ती सुट्टीवर आहे, किंवा अजून तलंग, म्हणजे अंड्यावर न आलेली पोरगी आहे. पायांचा रंगही सांगतो, पण फक्त पिवळ्या पायांच्या कोंबडीत. अंडी देऊ लागली की अंगातला पिवळा रंग बलकात जातो. आधी अंड्याच्या वाटेजवळची कातडी फिकटते, मग डोळ्याभोवतीची कड, मग चोच, आणि सर्वांत शेवटी पाय. म्हणून पाय पांढुरके पडलेली कोंबडी बघून लोक "अशक्त झाली" म्हणतात तेव्हा मला हसू येतं. ती बाई कित्येक महिने राबत असते! उलट भर हंगामात हळदीसारखे पाय घेऊन मिरवणारी असेल, तिच्याकडे संशयाने बघावं. (हा पिवळा रंग पाळीव कोंबडीत आला तो आपल्या सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्याकडून. २००८ मध्ये जनुकांवरून ते सिद्ध झालं. आंबोलीच्या बाजूला पहाटे जो ओरडतो तोच हा. आमच्या वाडीत अजून कुणाचा यावर विश्वास नाही.)

भाद्रपद-अश्विनात पिसं गळतात, तेव्हा अंडी थांबणारच. शेजारच्या काकू दरवर्षी या दिवसांत घाबऱ्या होऊन येतात, कोंबडी अर्धी उघडी पडली म्हणून. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. एकाच वेळी अंगभर पिसं आणि वर अंडं, एवढा माल ती आणणार कुठून? या काळात नुसता भात आणि कोंडा घालून भागत नाही. मी सुकट देते, पण बिनमिठाची. खारवलेल्या बांगड्याची डोकी फुकट मिळतात म्हणून टाकू नयेत, कोंबडीला जास्त मीठ झेपत नाही. पिल्लांसाठी वाळवीचं मडकं लावते. जुन्या मडक्यात ओलं शेण, पेंढा आणि सोडणाचे, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या सालीचे तुकडे भरायचे आणि संध्याकाळी वारुळाजवळ पालथं घालायचं. एक-दोन दिवसांत मडकं वाळवीने भरतं. ते उलटं केल्यावर पिल्लांची जी झुंबड उडते ती बघायला शेजारची पोरं शाळेला उशीर करतात.

पातळ सालीचं अंडं हे वेगळं कोडं. आमच्याकडे तिसऱ्यांचे शिंपले ढिगाने असतात, ते भाजून भरड कुटते आणि वेगळ्या करवंटीत ठेवते. खाण्यात मिसळत नाही, कारण कोंबड्याला आणि पिल्लांना त्याची गरज नसते. अंड्यावरची कोंबडी आपल्यापुरतं बरोबर उचलते, तेही विशेष करून संध्याकाळी. साल बनण्याचं बरंचसं काम रात्री चालतं, तेव्हा पोटात हळूहळू विरघळणारे जाडसर तुकडे असावे लागतात, पीठ केलेलं टिकत नाही. आणि एवढं करूनही एप्रिल-मेमध्ये साल पातळ येतेच. उकाड्यात कोंबडी चोच उघडून धापते, त्या धापेबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, आणि साल बनायला तोच लागतो. तिथे शिंपले वाढवून काही होत नाही. आंब्याखाली पाण्याची दोन पसरट मातीची भांडी आणि दुपारी बदललेलं गार पाणी, एवढाच उपाय.

बॅटरी का म्हणाले ते आता सांगते. वरच्या वाडीतल्या एका भाऊंच्या कोंबड्या अचानक खुराड्यात जाईनाशा झाल्या. संध्याकाळ झाली की फणसावर. तुरे फिके, वजनं उतरलेली. भाऊंनी आधी जंताचं औषध दिलं, मग कुणी सांगितलं म्हणून नारळ फिरवला. दिवसा खुराडं बघितलं तर लखलखीत. रात्री नऊनंतर मी बॅटरी आणि पांढरा कागद घेऊन गेले, बसायच्या दांडीच्या खालच्या फटीवरून कागद ओढला, तर त्यावर लाल रेघा उमटल्या. टाचणीच्या डोक्याहून लहान किडे, रक्त पिऊन टम्म. हे दिवसभर लाकडाच्या फटीत लपतात आणि रात्री चढतात. कोंबडीच्या अंगावर दिवसा शोधून सापडत नाहीत, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. औषध कोंबडीला नाही, खुराड्याला हवं. सगळं बाहेर काढून उकळतं पाणी ओतलं, दोन दिवस ऊन दाखवलं, फटींत चुना भरला, दांड्यांना करंजेल चोपडलं. आठवड्याने परत तेच, कारण अंड्यांतून नवे निघतात. कोंबड्या फणसावरून खाली यायला मात्र बरेच दिवस लागले. एकदा उंचावरची हवा आवडली की आवडली.

अंगावरच्या उवा वेगळ्या, त्या दिवसाही पंखाखाली दिसतात. त्यांच्यासाठी कोंबडी स्वतःच माती अंगावर घेते. अडचण अशी की कोकणात जूनपासून कोरडी माती मिळणार कुठे? मी पागोळीच्या आत एका जुन्या घमेल्यात चुलीतली राख आणि मेमध्येच भरून ठेवलेली तांबडी माती मिसळून ठेवते. पावसाळ्यात त्या घमेल्यासाठी भांडणं होतात, आणि भांडणात कोण जिंकतं त्यावरून कळपातली मोठी कोण तेही समजतं.

खुडूक, म्हणजे अंडी सोडून उबवायलाच बसलेल्या कोंबडीचा छळ मला बघवत नाही. पाण्यात बुडवतात, नाकात पीस खुपसतात. काहीच गरज नसते. तिच्या पोटाखालची ऊब गेली की तिचं मन उठतं. फटी असलेलं डालगं टांगून त्यात तीनेक दिवस ठेवा, दाणापाणी पुरेसं द्या, खालून वारा लागू द्या. आणि पिल्लं हवीच असतील तर तिला बसवाच, पण दिवाळीनंतर. २१ दिवसांनी निघालेली पिल्लं कोरड्या हवेत वाढतात. ऐन आषाढात काढलेली पिल्लं गारठ्याने आणि रक्ती हगवणीने जातात, मग म्हणायचं पायगुण वाईट.

आता एका बाबतीत मी सासूबाईंशी आणि "सगळं नैसर्गिक" म्हणणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांशी दोघांशी भांडते. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग. मान पिरगळते, हिरवी हगवण लागते, श्वास घरघरतो, आणि दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं. यावर इलाज नाही. लसूण, हळद, गुळवेल यांतलं काहीही ती आल्यावर थांबवत नाही. लसच हवी. पहिल्या आठवड्यात लासोटा या लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, महिन्याने परत, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी या लसीचं इंजेक्शन. लोक टाळतात त्याचं खरं कारण श्रद्धा नसून बाटली आहे. एका बाटलीत शंभर-दोनशे कोंबड्यांची लस असते, एकदा मिसळली की दोन तासांत संपवावी लागते, आणि घरात पिल्लं असतात नऊ. शिवाय ती बर्फात आणावी लागते, नाहीतर टोचलेलं नुसतं पाणी. आणि एकाच वेळी खूप कोंबड्या पटापट मरू लागल्या तर गुपचूप पुरू नका, खाऊ तर नकाच, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या नवापुरात सापडला होता.

म्हणून आमच्या वाडीत आम्ही बाटली वाटून घेतो. येत्या रविवारी सकाळी सातला आमच्या खळ्यात आर-टू-बी आहे. दोन महिन्यांची झालेली पिल्लं डालग्यात घालून आणा, ऊन चढायच्या आत. सर्दी झालेली किंवा मरगळलेली आणू नका, त्यांना बरी झाल्यावर टोचू. बर्फ कुडाळहून मी आणतेय, डालगी ज्याची त्याने आणायची.