व्हिडिओ निबंध, चौथी नोंद: घोडा थांबतो तिथे गप्प राहायचं

तिसरा कच्चा एडिट काल संपवला. ११ मिनिटांचा व्हिडिओ निबंध (चित्रपटाच्याच क्लिप जोडून त्या चित्रपटाबद्दल बोलणं) साडेसहा मिनिटांवर आलाय, आणि छाटलेलं जवळजवळ सगळं माझंच बोलणं होतं.

निबंधाचा प्रसंग आधीच्या नोंदींतलाच: सोव्हिएत दिग्दर्शक झिगा व्हर्तोव्हच्या १९२९ सालच्या ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’ या मूकपटातला. बग्गीचा घोडा दौडता दौडता मध्येच थिजतो. मग बग्गीतल्या बायका, रस्त्यावरची गर्दी, मुलांचे चेहरे, सगळं स्थिर. मग चेहरे थेट फिल्मच्या पट्टीवर, कडेच्या छिद्रांसकट. आणि टेबलाशी बसून त्या पट्ट्या लावणारी येलिझावेता स्विलोव्हा, या चित्रपटाची संपादक, व्हर्तोव्हची पत्नी. तिचे हात चालतात आणि चेहरे पुन्हा हलू लागतात.

पहिल्या दोन एडिटमध्ये घोडा थिजला रे थिजला की माझा व्हॉइसओव्हर सुरू व्हायचा. ‘आता वेळ थांबली आहे’ वगैरे. जे दिसतंय तेच सांगत होतो. परवा तो ट्रॅक म्यूट करून पाहिलं आणि अंगावर काटा आला. ती शांतता मीच झाकून टाकली होती.

गप्प बसल्यावर आणखी एक गोष्ट सापडली. ही मुलं नेमकी कशाकडे बघताहेत, ते इथे कळत नाही. बऱ्याच वेळाने जादूगाराचा खेळ येतो, तेव्हा तेच चेहरे प्रेक्षकांत दिसतात. म्हणजे नजर आधी, कारण नंतर. हा क्रम संपादनाच्या टेबलावर ठरलेला. आता दोन्ही क्लिप पडद्यावर शेजारी शेजारी ठेवल्यात, वर फक्त एक वाक्य बोलतो. माझ्या मते सगळ्या निबंधाचा जीव त्या जोडीत आहे.

मूकपटावर काम करणाऱ्यांनी एक सांभाळा. त्या काळी चित्रीकरणाचा आणि प्रक्षेपणाचा वेग सगळीकडे एकच नसे, त्यामुळे शॉटची लांबी प्रतीप्रमाणे बदलते. एडिटिंग सॉफ्टवेअरमधली टाइमलाइन सेकंदाला २४ फ्रेमची (म्हणजे २४ स्थिर चित्रांची) असेल तर एकेक फ्रेम पुढे सरकवून बघा, काही प्रतींत मध्येच फ्रेम दुहेरी सापडतात. म्हणून शॉट किती सेकंदांचा हे सांगणं मी सोडलं, फ्रेम मोजतो.

पुढचा सराव बोलपटावर: एकाच चित्रपटातल्या १० क्लिप, प्रत्येकी बरोबर ६ सेकंदांच्या, आणि खाली त्याच चित्रपटातला एक मिनिटाचा सलग आवाज. व्हॉइसओव्हर नाही. क्लिप निवडायला आज रात्री बसतोय.