बीटा आहे, चालायचंच

अ‍ॅपच्या नावाशेजारी बारीक अक्षरात बीटा लिहिलेलं असलं की आपण कसे लगेच समजूतदार होतो बघा. हँग झालं, जाऊ दे, बीटा आहे. सेटिंग्ज उडाली, हां, बीटाच आहे ना. तेच अ‍ॅप पुढच्या महिन्यात बीटा काढून आलं आणि तस्संच हँग झालं की मात्र एक स्टार आणि खाली चार ओळींचा उद्धार. बग तोच, पण आता रागवायचा हक्क आपल्याकडे आला. मला तर वाटतं सॉफ्टवेअर किती तयार आहे यापेक्षा बिघडलं तर कुणी निस्तरायचं, एवढंच या पाट्या सांगतात.

कागदावर सगळं सोपं आहे. पहिला टप्पा अल्फा, तो घरातल्या घरात, अर्धी फीचर्स अजून यायचीच असतात. बीटात फीचर्स बहुतेक आलेली, पण बाहेरच्या लोकांनी हाताळल्याशिवाय खरे बग सापडत नाहीत म्हणून बाहेर सोडायचं.

मग रिलीज कँडिडेट म्हणजे आरसी, हा माझा लाडका टप्पा, कारण इथे बनवणारे स्वतःलाच बजावतात की आता मोठा बग निघाला नाही तर हेच फायनल. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं बघा, दोन आठवडे नवीन गोष्टी आत घेणार, मग दार बंद, आरसी१ बाहेर आणि त्यानंतर मुख्यतः दुरुस्त्याच. साधारण दर रविवारी पुढची आरसी, बहुतेक वेळा आरसी७ पर्यंत, लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्सला अजून धाकधूक वाटली तर आरसी८, मग फायनल. तुमचं फीचर कितीही भारी असो, उशीर झाला तर पुढच्या खेपेला. बाकी बऱ्याच ठिकाणी आरसी म्हणजे नाव बदललेला बीटा असतो, असो.

पूर्वी या सगळ्याच्या शेवटी गोल्ड मास्टर असायचा. म्हणजे ज्याच्यावरून कारखान्यात हजारो लाखो कॉप्या निघणार ती मूळ डिस्क. विंडोज ९५ जुलैमध्ये फायनल झालं आणि दुकानात आलं २४ ऑगस्ट १९९५ ला, मधला वेळ कॉप्या काढायला आणि खोकी भरायला. एकदा डिस्क गेली की गेली, परत बोलावता येत नाही, म्हणून आधीच्या टप्प्यांना वजन होतं.

आता डिस्कच नाही म्हटल्यावर बीटा संपवायची घाई कुणाला? जीमेल १ एप्रिल २००४ ला आलं आणि बीटाची पाटी उतरली जुलै २००९ मध्ये, तोवर लोकांचं सगळं ऑफिस त्यावर चालत होतं! अ‍ॅपलने तर २००० साली मॅक ओएस टेनचा पब्लिक बीटा २९.९५ डॉलरला विकला, म्हणजे टेस्टिंग आपण करायचं आणि वर पैसेही आपणच द्यायचे.

उलट काही लोक इतके संकोची की विचारू नका. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं वाइन १९९३ ला सुरू झालं आणि १.०, म्हणजे पहिली पूर्ण म्हणवणारी आवृत्ती, आली २००८ मध्ये. चित्रं काढायचं इंकस्केप २००३ चं, त्याचं १.० थेट २०२० मध्ये. लोक तोपर्यंत वर्षानुवर्षं त्यात पोटापाण्याची कामं करत होते. बीटाची पाटी लावून वर्षानुवर्षं बसणारे आणि हे वरून सारखेच दिसतात, पण मला या १.० च्या आधीच रेंगाळणाऱ्या शून्य पॉइंट अमुक वाल्यांवर जास्त विश्वास वाटतो, का ते नीट सांगता येणार नाही.

हल्ली तर पाटीच गायब झालीये. नवीन व्हर्जन आधी थोड्याशा लोकांना द्यायचं, बोंबाबोंब झाली नाही तर हळूहळू सगळ्यांना. त्यामुळे तुमच्या मित्राच्या फोनवर एक बटण दिसतं, तुमच्यावर नाही, आणि तुमच्यापैकी टेस्टर कोण हे दोघांनाही माहीत नसतं. क्रोम ब्राउझरची कॅनरी, म्हणजे अगदी कच्ची आवृत्ती, घेणारा माणूस निदान स्वतःहून, जे मोडेल ते मोडू दे म्हणून घेतो. इथे कुणी विचारतही नाही. विचारू नका, ठीक आहे, पण कोपऱ्यात ती बारीक अक्षरं तेवढी लावा ना, म्हणजे हँग झाल्यावर चिडायचं की समजून घ्यायचं ते तरी ठरवता येईल.