मुरमाड रानासाठी रोटाव्हेटर निवडताना

माण तालुक्यातील आमच्या सात एकरांपैकी ओढ्यालगतची दोन एकर जमीन काळी आहे आणि उरलेली पाच एकर माळाची आहे. माळावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो आणि त्या मुरमात मुठीएवढ्यापासून नारळाएवढ्यापर्यंत काळ्या दगडाचे गोटे अडकलेले असतात. ते दरवर्षी वेचले तरी पुढच्या नांगरटीला पुन्हा वर येतात. बांधावरची दगडांची रास पाहिली की आमच्या तीन पिढ्यांचे मुख्य पीक कोणते, असा प्रश्न पाहुण्यांना पडत असावा.

चार वर्षांपूर्वी आम्ही या रानासाठी जुना सहा फुटी रोटाव्हेटर, म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडून फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे अवजार, घेतला आणि दुसऱ्याच हंगामात त्याचा बाजूचा गिअर फुटला. दुरुस्तीला इतका खर्च आला की यंत्र भंगारात घालणेच परवडले. दोष यंत्राचा कमी आणि माझ्या निवडीचा अधिक होता, कारण मी ते काळ्या रानात चालताना पाहून पसंत केले होते. म्हणून या वेळी किती भुसभुशीत करतो हे पाहण्याआधी, दगड लागला तर सर्वांत आधी काय मोडेल, हा एकच प्रश्न मी प्रत्येक दुकानात विचारत गेलो.

आमचा ट्रॅक्टर ४५ एचपीचा आहे. रुंदीच्या फुटामागे साधारण ८ ते १० एचपी, असा हिशेब सर्वत्र सांगितला जातो आणि मऊ रानात त्या ताकदीवर सहा फुटीही निघतो. दगडाच्या रानात मात्र भार सर्व पात्यांवर सारखा वाटला जात नाही. एखादेच पाते गोट्यात अडकते आणि त्या क्षणी ट्रॅक्टरचा सगळा जोर त्या पात्यावर, त्याच्या दोन बोल्टांवर आणि मागच्या गिअरवर येतो. ताकद थोडी शिल्लक राहावी म्हणून मी पाच फुटी निवडला. त्यात अडचण एवढीच की ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांचा माग पाच फुटांपेक्षा बाहेर जातो, म्हणून चौकट एका बाजूला सरकवता येते की नाही हे पाहावे लागते. एका चाकाचा माग झाकला गेला की दुसरा पुढच्या तासात निघतो.

माझ्या मते रुंदीहूनही महत्त्वाचा मुद्दा रोटरच्या, म्हणजे पाती बसवलेल्या फिरत्या दांड्याच्या, फेऱ्यांचा आहे आणि त्याविषयी दुकानात फारसे कोणी बोलत नाही. पीटीओ, म्हणजे अवजाराला जोर देणारा ट्रॅक्टरचा मागचा फिरता दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर असताना एका वेगाच्या गिअर बॉक्समध्ये रोटर एकाच गतीने फिरतो, तर अनेक वेगांच्या गिअर बॉक्समध्ये मागचे झाकण काढून गिअरची जोडी बदलता येते. रोटर मिनिटाला २४० ऐवजी १८० फेरे फिरला, तर पात्याचा वेग पाऊणपट होतो. परंतु आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे ती जवळजवळ निम्मी होते. ढेकळे थोडी मोठी राहतात हे खरे, पण आमच्या रानात बाजरी आणि तूर घ्यायची असते, भाजीपाल्याची रोपवाटिका करायची नसते. मुरमाची पीठ केलेली माती पहिल्याच वळवाने वाहून जाते, हा तोटा तर वेगळाच.

यानंतर येतो पीटीओचा जोर रोटाव्हेटरपर्यंत नेणारा शाफ्ट. साध्या शाफ्टला शेअर बोल्ट असतो. ताण वाढला की तो तुटतो आणि गिअर वाचतो. दगडाच्या रानात तो दिवसातून चार-पाच वेळा तुटू लागला की चालक वैतागून त्या जागी कठीण बोल्ट किंवा सळईचा तुकडा घालतो, आणि मग तुटायचे काम गिअरला करावे लागते. आमच्या जुन्या यंत्राचे नेमके हेच झाले होते. स्लिप क्लचचा शाफ्ट महाग असतो, मात्र दगड लागल्यावर त्याच्या चकत्या घसरतात आणि काम थांबत नाही. पावसाळ्यात यंत्र उभे राहिले की त्या चकत्या गंजून एकमेकींना चिकटतात, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला स्प्रिंग सैल करून त्या एकदा घसरवून घ्याव्या लागतात. हे न केल्यास क्लच असून नसल्यासारखाच.

पात्यांत एल आकार सर्वत्र मिळतो आणि तणकटाच्या रानात तोच बरा, पण त्याच्या काटकोनी वळणावर दगडाचा घाव नेमका बसतो. सी आकाराचे पाते गोलाईमुळे दगडावरून निसटते, म्हणून मी ते घेतले. पोलाद फार कठीण असले तर पाते ठिसूळ होऊन तुकडा पडतो आणि मऊ असले तर वाकते. बुदनी येथील केंद्र सरकारच्या कृषी यंत्र चाचणी संस्थेच्या अहवालांत पात्यांची कठीणता आणि झीज नोंदलेली असते. विक्रेत्याकडे तो अहवाल मागण्यात संकोच नसावा.

रोटरला जोर पोचवायला बाजूला साखळी हवी की गिअर, या वादात मी गिअरच्या बाजूने आहे, कारण झटक्याने साखळी ताणली जाऊन तुटते. फक्त गिअरच्या पेटीखाली जाड पत्र्याचे संरक्षण आहे ना, हे वाकून पाहावे. आमच्या पहिल्या यंत्राला तो पत्रा नव्हता.

आता आधी फणनी करून मोठे गोटे वेचले जातात आणि वाफसा आल्यावरच, चार इंचांपेक्षा खोल न जाता, पहिल्या गिअरमध्ये रोटाव्हेटर फिरतो. वरच्या बांधाकडचा अर्धा एकर मात्र मी त्यातून वगळला आहे, तेथे अजूनही बैलांचा कुळवच चालतो.